वाफेचं की पॅडचं

आर्डिस स्कोगस्टॅडच्या नाकातून ऑक्टोबरातच रक्त यायला लागलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, वर्लिनने, हवा ओलसर ठेवणारं ह्युमिडिफायर बसवायचं एकदाचं मनावर घेतलं. तिची फुप्फुसं दमली होती; दिवसरात्र नाकाला ऑक्सिजनची नळी. आणि आमच्या उत्तर मिनेसोटात घर ऊबदार ठेवणारी तळघरातली भट्टी पेटली की सगळं असं सुकतं, की खुर्च्यांचे सांधे करकरतात आणि दाराच्या मुठीला हात लावला तरी झटका बसतो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. घरातली हवा पुरेशी ओलसर राहिली तर आर्डिसने घरी राहावं, नाहीतर गावातल्या शुश्रूषागृहात खोली घ्यावी. आर्डिसला घर सोडायचं नव्हतं.

भट्ट्या बसवणारा लामार आला तो माहितीपत्रकं घेऊनच. चाळिशीचा, कामाला चोख, वर्षभरापूर्वीच लुईझियानाहून इकडे आलेला. त्याने तळघर पाहिलं, खिडक्यांच्या फटींवर तळहात धरून पाहिला आणि वर येऊन टेबलाशी बसला.

"हे पॅडचं," तो म्हणाला. "भट्टीची गरम हवा ओल्या जाळीतून जाते. साधं आहे, पण भट्टी चालू असेल तेवढाच वेळ चालतं, आणि तुमच्या घराला फटी फार. हे दुसरं वाफेचं. स्वतः पाणी उकळतं, भट्टी बंद असली तरी वाफ सोडत राहतं. मॅडमची तब्येत बघता मी हेच म्हणेन. विजेची वेगळी लाइन ओढावी लागेल, एक दिवस जास्त जाईल इतकंच. कुठलं लावू?"

"अरे नको रे बाबा," आर्डिस म्हणाली. "माझ्या एकटीसाठी कशाला एवढा खटाटोप? साधं आहे तेच पुष्कळ झालं. तू ती लिंबाची वडी घे बघू आणखी एक."

"बरं मॅडम. पॅडचं तर पॅडचं," लामार म्हणाला आणि तसं लिहूनही मोकळा झाला. वडी मात्र त्याने घेतली, तीही पहिल्याच आग्रहाला.

आमच्याकडे पहिला नकार कोणी नकार धरत नाही. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस "छे, राहू दे" म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "एवढं म्हणतोस तर..." म्हणून हात पुढे करतो. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट ठरतो. लामारला हे कोण सांगणार? त्याच्या मुलखात माणसं मनात असेल ते बोलतात.

वर्लिनला मात्र सगळं कळत होतं. आर्डिसची बोटं कपावर थबकलेली त्याने पाहिली. ती दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत होती. तोही पाहत बसला. परक्या माणसासमोर बायकोचा शब्द खोडायचा कसा, म्हणून तोंडाला कुलूप! सभ्यपणा म्हणे! असल्या सभ्यपणाला काय जाळायचंय?

जेवताना त्याने विचारलं, "वाफेचं बरं पडलं असतं का गं?"

"नाही रे. हे काय वाईट आहे?"

तो दुसरा नकार होता. तिसऱ्यांदा विचारायचं आता त्याच्याकडे होतं. पण मग लामारला फोन करा, ठरलेलं मोडा, त्याला पुन्हा त्रास द्या. वर्लिनने हॉटडिशचा आणखी एक घास घेतला आणि विषय तिथेच सोडला.

जानेवारीत पारा उणे तिसावर गेला. पॅड आपल्या परीने ओलं होत होतं, पण फटींतून येणारी कोरडी हवा सगळी ओल पिऊन टाकायची. भिंतीवरच्या ओलावामापकाचा काटा अठरा टक्क्यांच्या वर काही सरकेना. वर्लिनने चुलीवर पातेली उकळत ठेवली, पलंगाच्या कठड्यावर ओले टॉवेल टाकले. तासाभरात ते पापडासारखे कडक व्हायचे. आर्डिसच्या नाकात खपल्या धरायच्या, सुटायच्या, पुन्हा धरायच्या. कशी आहेस विचारलं की म्हणायची, "बरी आहे."

एका सकाळी तो कॉफी घेऊन गेला तर नळी उशीवर पडलेली आणि आर्डिसचे ओठ निळे. नाकाला सोसवेना म्हणून तिने ती काढून ठेवली होती, आणि त्याला हाक मारली नव्हती.

तिचा जीव वाचला. पण इस्पितळातून तिला थेट शुश्रूषागृहात नेलं.

वर्लिनने त्याच दिवशी लामारला फोन केला. "वाफेचं बसव."

"मी तेव्हा विचारलं होतं की, साहेब."

"एकदाच विचारलंस."

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा."

"मला कुणी सांगितलं नाही हो," लामार म्हणाला. त्याचा आवाज इतका पडला होता की वर्लिनला स्वतःची लाज वाटली. लामारचा काय दोष होता?

लामारने दोन दिवस राबून लाइन ओढली, यंत्र बसवलं, फटीही बुजवल्या. काटा पस्तीसवर गेला. वर्लिनने पलंगावर धुतलेल्या चादरी घातल्या, आर्डिसचा जाड कोट गाडीत टाकला आणि तिला आणायला निघाला.

ती खिडकीशी बसली होती. नळी नाकाला, नाक बरं झालेलं.

"घर तयार आहे," तो म्हणाला. "हवा छान झालीय. चल."

"नाही," आर्डिस म्हणाली.

"अरे बाबा" नाही, "कशाला खटाटोप" नाही, वडीचा आग्रहही नाही. पन्नास वर्षांच्या संसारात तिचा इतका आखूड नकार त्याने ऐकला नव्हता. तरी दुसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलं.

तिने हात वर करून त्याला थांबवलं. "इथल्या नर्स माझ्या बोलण्यावर जातच नाहीत रे. बोटाला चिमटा लावतात आणि ऑक्सिजनचा आकडा बघतात. घरी मी तुला बरी आहे असंच सांगत राहणार. मला दुसरं काही बोलताच येत नाही. आणि तू ते ऐकून घेणार."

वर्लिन तिचा कोट मांडीवर घेऊन बसून राहिला. मग उठला आणि तो त्याने तिथल्याच खुंटीला अडकवला.