बेचाळिसावा ठिपका

मी लोकरीचा मफलर आहे. तपकिरी. आंधळगावच्या टिकारामचा. सांगायचं आहे ते लाजेचं आहे, पण लपवणार नाही.

मला त्याच्या बायकोनं, रुखमिणीनं विणलं. अस्सल मेंढीची लोकर. ती गेल्यावर टिकारामनं मला धुवायलाही दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. मला गर्व होता.

त्याची नात मेघा भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. गावतलावाच्या चिखलातला एक साधा जंतू तिनं प्रयोगशाळेत वाढवला. त्याच्या अंगातली प्रथिनं ओळखायची आणि प्रत्येकाची जागा नकाशावर मांडायची, हे तिचं काम. प्रथिनं जेलीच्या पातळ थरात वेगवेगळी होतात. निळा रंग दिला की ठिपके दिसतात. एकेक ठिपका कापून नागपूरला पाठवायचा. तिथलं यंत्र त्याचं नाव सांगतं.

पौषात थंडी वाढली. टिकारामनं मला तिच्यापुढे धरलं.

"आबाजी, लोकर नाही चालत तिथं. सर दारावरच काढाले लावते."

"तुह्या सराले थंडी नाही वाजत काय? गुंडाळ."

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर खुंटी होती. सर त्या दिवशी आले नव्हते. आजोबाचा शब्द मेघाला मोडवला नाही. मला गळ्यात घेऊनच ती आत गेली आणि बेचाळिसावा ठिपका कापायला वाकली. ठिपका अगदी फिकट. माझा एक धागा त्यावर पडला. तिला दिसला नाही. मला कळलं होतं.

एकेचाळीस नावं आली. बेचाळिसावं जंतूच्या यादीत कुठंच जुळेना. मेघाला वाटलं, नवीन सापडलं. तिनं घरी फोन केला. टिकाराम तडक चौकात गेला.

"माह्या नातीनं शोधलं. दुनियेत कोणाले माहीत नाही."

सर परतले. म्हणाले, "जनावरांच्या याद्याही पाहा." पाहिल्या. उत्तर आलं, मेंढीची लोकर. सरांनी नकाशा परत केला. "पुन्हा कर. यावर मी सही करणार नाही."

मेघा घरी येऊन रडली. टिकाराम मला गळ्यात घालून पुन्हा चौकात गेला. गावातला थट्टेखोर गोपीचंद पानठेल्यावर होताच; बातमी त्याच्या कानावर आधीच गेली होती.

"काहून गा टिकाराम, जंतूच्या पोटातून मेंढी निंगाली म्हणते?"

सगळे हसले. टिकारामनं मला काढून हातात वर धरलं.

"मेंढी नाही. हा होय. पोरगी नाही म्हणत होती, मीच गुंडाळला. चूक माही होय."

आयुष्यात त्यानं कोणासमोर मान खाली घातली नव्हती. माझ्यामुळे घातली.

दुसऱ्या वेळी तो तिच्यासोबत भंडाऱ्याला आला. मला स्वतःच्या हातानं खुंटीवर टांगलं आणि बाहेर बाकावर बसला. ठिपका पुन्हा कापला गेला. नाव आलं. साधंच प्रथिन, अशा सगळ्या जंतूंत असतं ते. सरांनी सही केली.

मी अजून त्या खुंटीवर आहे. टिकाराम त्या दिवशी मला इथंच ठेवून गेला, परत न्यायला आला नाही. कोणी मायेनं आत न्यायला लागलं, तर मला नेऊ नका. मी उबदार आहे, पण माझी जागा दाराबाहेर आहे.