आधी लांबचं टोक

आमच्या प्रयोगशाळेची मुख्य इमारत एक आणि रक्ताचे नमुने घेणारी केंद्रं बरीच. त्या सगळ्यांचं नेटवर्क मी सांभाळतो. बायको गेल्यावर घरात बसवेना, म्हणून लवकरच कामावर आलो. पण हातून चुका व्हायला लागल्या. साहेबांनी परवा बोलावून सांगितलं, "आणखी एक घोळ झाला तर मलाच तुम्हाला घरी बसवावं लागेल." घर सोडून कुठेही बसवा, असं म्हणायचं होतं.

आजचं काम सोपं होतं, पुढे एकेक करून सगळ्या केंद्रांत करायचं. टेकडीपलीकडच्या केंद्रातला राउटर जुना झालाय. सगळीकडचे रस्ते लक्षात ठेवता ठेवता त्याचा जीव जातो आणि तो मध्येच बंद पडतो. म्हणून त्याचा एरिया, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा भाग, 'स्टब' करायचा. मग त्याला स्वतःपुरतंच माहीत असलं तरी पुरतं. बाकी सगळं मुख्य इमारतीकडे ढकलायचं.

नियम एकच. ही सेटिंग दोन्ही टोकांना सारखी हवी, नाहीतर दोन्ही राउटर एकमेकांशी बोलणं बंद करतात. म्हणून आधी लांबचं टोक बदलायचं, मग आपलं. नव्या माणसांना हे मीच शिकवतो.

मी आपलं टोक आधी बदललं.

एंटर दाबलं. केंद्र तुटलं. आता इथून तिथे पोचता येईना, आणि आपलं टोक पूर्ववत करायचंही सुचलं नाही. केंद्राच्या काउंटरवरच्या ताईंना फोन लावला.

"दादा, रिपोर्ट उघडेनात! इथे लोक माझ्या डोक्यावर बसलेत."

"माझ्यामुळेच झालंय. खणात निळी वायर आहे, ती लॅपटॉप आणि राउटरला जोडा. सांगतो ते टाइप करा."

"मी? माझ्याकडून स्फोट झाला तर?"

"नाही होत. लिहा, एरिया, सात, स्टब."

"स्टब म्हणजे काय हो?"

"त्याने डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. माहीत नसेल ते मुख्य इमारतीला विचारायचं."

"म्हणजे आमचे हे! मीठ कुठे आहे विचारा, सॉक्स कुठे आहेत विचारा, एकच उत्तर. हिला विचारा." त्या खळखळून हसल्या. "वहिनींना सांगा हं. त्यांचंही तेच रडगाणं असेल."

गेली काही वर्षं प्रत्येक फोनवर त्या वहिनींची चौकशी करायच्या. मी म्हणायचो, मजेत.

"ताई, ती गेली. महिना झाला."

पलीकडे कुणीतरी रिपोर्ट मागत होतं. ताईंनी त्याला थांबायला सांगितलं. मग हळूच विचारलं, "स्टबच्या पुढे काय टाइप करू?"

"काही नाही. एंटर दाबा."

थोड्या वेळाने माझ्या स्क्रीनवर तो राउटर परत दिसला.

तेवढ्यात साहेब येऊन मागे उभे राहिले. "टेकडीवाल्यांचं काय झालं होतं?"

फोन स्पीकरवर होता. ताईच बोलल्या, "साहेब, केबलला माझा पाय लागला."

मी गप्प बसलो असतो तर विषय तिथेच संपला असता. पण मग त्या बिचारीला बोलणी बसली असती.

"त्यांचा पाय नाही, साहेब. मी आपलं टोक आधी बदललं."

ताईंनी फोन ठेवला. साहेबांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले.

"अजून किती केंद्रं राहिलीत?"

"हे सोडून सगळी."

"मी बसतो बरोबर. टाइप तुम्ही करा, पण मी सांगितल्याशिवाय एंटर दाबायचं नाही."

"म्हणजे घरी..."

"संध्याकाळी जा की. सगळेच जातात."

याच केंद्राचं एक काम उरलं होतं. आतल्या पाच छोट्या नेटवर्कांचे रस्ते वेगवेगळे सांगण्यापेक्षा बाहेरच्यांना एकच ओळ सांगायची, याला समरी म्हणतात. मी ती ओळ टाइप केली आणि हात मागे घेतला.

साहेबांनी वाचली. "यातलं एखादं बंद पडलं तर बाहेर कळेल?"

"नाही. बाहेरून ठीकच दिसतं. आत जाऊन बघावं लागतं."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे बघत म्हणाले, "दाबा."