इंजिनाचं हँडल आणि अकरा अंडी

चुडामण आणि गिरधर या सख्ख्या भावांनी एकमेकांना आजवर काय काय दिलं, त्याची यादी चुडामणच्या पुढच्या दातापासून सुरू होते. तो दात गिरधरनं पाडला. त्याबदल्यात गिरधरच्या डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली. पुढच्या पोळ्याला चुडामणच्या कपाळावर पाच टाके पडले, पुढची अक्षय्य तृतीया यायच्या आत गिरधरच्या दोन बरगड्या गेल्या. दोघंही चोख होते. कुणी कुणाचं फार दिवस अंगावर ठेवत नसे.

बुऱ्हाणपुरात राजघाटाच्या खालच्या अंगाला, तापीकाठी त्यांची केळी होती. बापानं मरताना जमीन वाटून दिली, घरं वाटून दिली, विहिरीची पाळी ठरवून दिली. विहिरीवरचं तेलाचं इंजिन मात्र एकच होतं, आणि ते सुरू करायचं लोखंडी हँडलही एकच. त्याचे दोन करायचे कसे, हे बापालाही सुचलं नाही.

आपली राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, त्या कार्तिकातली ही गोष्ट. कचेऱ्यांमधून कुठली फाईल कुठल्या राज्याची याची वाटणी चालली होती, आणि इकडे या दोघांचं बदकांवरून पेटलं.

बदकं चुडामणची. केळीतल्या गोगलगायी खातात म्हणून त्यानं राजघाटाच्या सुकलाल नावाड्याकडून जोडी आणली होती. त्या भागात बदक कुणी पाळलं नव्हतं, त्यामुळे लोक बघायला यायचे आणि चुडामण ती हत्ती असल्यासारखी दाखवायचा. गिरधरला बदकं वाईट वाटत नव्हती. ती भावाची आहेत, एवढंच त्याला खुपायचं.

एका सकाळी गिरधरच्या काळू कुत्र्यानं दोन्ही बदकं फाडली. मादी गवतातल्या अंड्यांवर नुकती टेकली होती, ती तिथंच गेली. चुडामण केळीचे घड उतरवायचा कोयता घेऊन आला. गिरधरच्या ओट्यावर काळू शेपूट हलवत उठला, आणि उठता उठताच त्याची मान अर्धी लोंबली. गिरधरनं ओट्यावर पडलेलं इंजिनाचं हँडल उचललं आणि भावाच्या खांद्यावर घातलं. दुसरा घाव चुडामणनं हातावर झेलला, हँडल हिसकलं आणि घरात नेऊन टाकलं.

“आता बघतो तुझी केळी काय पितात,” तो म्हणाला.

गिरधरच्या केळीला नुकती केळफुलं बाहेर पडत होती. त्या दिवसांत पाणी तुटलं की घड पोसत नाही, आणि घड नाही तर मागचे अकरा महिने मातीत. चुडामणला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर त्यानं कोयता टाकून हँडल उचललं.

तिसऱ्या दिवशी इच्छापुराहून धुरपदाबाई आल्या. त्या या दोघांच्या बापाची बहीण, म्हणून फुई. लहानपणी दोघांनाही त्यांनी सारखंच बडवलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढं दोघांच्या माना अजून खाली जात. फुईनं चुडामणकडून हँडल मागून घेतलं, आपल्या मांडीवर ठेवलं आणि न्याय केला.

“ज्याच्या जनावरानं मारलं, त्यानं जनावर उभं करून द्यायचं. आपल्यात हाच रिवाज. बाजारातलं चालणार नाही, त्याच पोटचं पाहिजे. अंडी किती आहेत?”

“अकरा,” चुडामणची बायको सोजरबाई म्हणाली.

“त्यातनं पिल्लं काढून दे गिरधर, नी हँडल घे. तोवर ते माझ्या उशाला. दर आठव्या दिवशी एकदा पाणी मिळेल, केळी मरू नयेत एवढंच. पिल्लं नाही निघाली तर हँडल चुडामणचं. पाण्याचं मग तू नी तो बघा.”

अंडी बसवायची तर खुडूक कोंबडी पाहिजे. ती फक्त चुडामणच्या घरी होती, आणि चुडामणनं तिची त्याच दुपारी भाजी केली. वास मुद्दाम गिरधरच्या ओट्यापर्यंत येऊ दिला.

गिरधरनं आवळलेले दात सोडले आणि कामाला लागला. मागच्या वर्षी खंडव्याला शेतकऱ्यांच्या शिबिरात त्यानं अंडी उबवायचं यंत्र पाहिलं होतं. त्यानं इंजिनाचं रिकामं खोकं घेतलं, आत दुसरं खोकं बसवलं, दोन्हींच्या मध्ये कापूस ठासला. खाली कंदील, वर पाण्याचं तसराळं, त्यावर जाळी, जाळीवर अंडी. उष्णता मोजायला काचेची नळी नव्हती. अंडं मिटलेल्या पापणीवर टेकवायचं. चटका नाही, गारवाही नाही, अंडं आहे हेच कळलं नाही पाहिजे, म्हणजे बराबर.

प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला कोळशाची खूण केली. दिवसातून तीनदा ती खूण वर, मग खाली. ज्या हातानं दात पाडला तोच हात आता अंडं दोन बोटांनी अलगद उचलायचा. आशाबाई, त्याची बायको, हे दारातून बघायची.

“माझ्यावर कधी एवढा हलका हात ठेवला नाही तुम्ही,” ती म्हणाली.

“तू फुटत नाहीस,” गिरधर म्हणाला.

नवव्या दिवशी त्यानं पुठ्ठ्याला भोक पाडून कंदिलापुढं एकेक अंडं धरलं. नऊ अंड्यांत लाल धागे दिसले, आणि धाग्यांच्या मध्ये एक ठिपका उड्या मारताना. दोन अंडी कोरी, ती फेकली. त्या संध्याकाळी गिरधर पहिल्यांदा पोटभर जेवला.

हे चुडामणला कळायला वेळ लागला नाही. अकराव्या दिवशी गिरधर केळीतल्या पाटावर असताना खिडकीतून दगड आला आणि कंदिलाची काच गेली. आशाबाईनं अंड्यांवर गोधडी टाकली आणि ओरडली. गिरधर कुदळीचा दांडा घेऊन धावला. दोघे भाऊ केळीच्या रांगांमधून गडगडत गेले, कधी हा वर, कधी तो वर. चुडामणच्या कानाचा तुकडा गेला. गिरधरचा डोळा सुजून बंद झाला. तीन केळी आडव्या झाल्या, दोन चुडामणच्या, एक गिरधरची. हाही हिशोब दोघांनी उठल्या उठल्या करून घेतला.

त्यानंतर पापणीची परीक्षा आशाबाईकडे आली. गिरधरच्या पापणीला आता जळता निखाराही कळला नसता.

एकविसाव्या दिवशी चुडामण फुईला घेऊन दारात हजर. फुईच्या काखोटीला फडक्यात गुंडाळलेलं हँडल.

“एकवीस झाले,” चुडामण म्हणाला. “पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येतं. आलं का? नाही. हिसाब संपला.”

“कोंबडीचं येतं भाऊ. ही बदकाची आहेत. सुकलाल म्हणाला, बदकाला अठ्ठावीस लागतात.”

“अंडं ते अंडं. बदकाचं काय पंचांग वेगळं असतं?”

गिरधरनं फुईकडं बघितलं. फुईच्या हयातीत शंभरेक कोंबड्या बसल्या असतील, बदक एकही नाही. त्यांनी मान हलवली. “गिरधर, मीही एकवीसच बघत आले.”

“सात दिवस दे फुई. माझ्या पाठीवर तुझे किती वळ आहेत, मी कधी मोजले नाहीत. तू मला सात दिवस दे.”

“देऊन काय करणार?” चुडामण आत शिरला. त्यानं खोक्याचं झाकण उचललं, एक अंडं घेतलं आणि नाकाजवळ नेलं. “सडलंय. दाखवतो.”

गिरधर मध्ये यायच्या आत त्यानं ते उंबऱ्याच्या दगडावर आपटलं.

सडकं काही निघालं नाही. कवचाच्या तुकड्यांमध्ये रक्त पसरलं, आणि त्या रक्तात बोटाएवढं ओलं पिल्लू. डोळे मिटलेले, चोच आधीच चपटी, बदकाची. पोटाबाहेर पिवळा बलक लटकलेला. त्याचा एक पाय, बोटांमध्ये पडदा असलेला, दोनदा पाणी कापल्यासारखा हलला. मग तिसऱ्यांदा अर्धाच.

चुडामणच्या तोंडावर हसू तसंच राहिलं. ते काढून ठेवायला त्याला वेळच मिळाला नाही. गिरधरनं फुईच्या काखेतून हँडल ओढलं आणि खालून, गवत कापावं तसं, त्याच्या नडगीवर मारलं. हाड मोडल्याचा आवाज फुईनंही ऐकला, ओट्यावरच्या आशाबाईनंही. चुडामण खोक्यावर कोसळला. खोकं कलंडलं, कंदील फुटला, घासलेट सांडलं, आणि ठासून भरलेल्या कापसानं एका दमात पेट घेतला.

फुईनं चुडामणला काखेत धरून बाहेर ओढलं. सत्तरीच्या बाईत एवढा जोर कुठून आला, ते तीच जाणे. गिरधरनं दोन्ही हात जाळात घातले. एक अंडं, आशाबाईच्या पदरात. दुसरं. तिसरं. सहाव्यापर्यंत त्याच्या तळव्यांची कातडी अंड्यांना चिकटून सुटायला लागली. राहिलेली दोन आत तडकली, आणि भाजलेल्या अंड्याचा वास सगळ्या अंगणात पसरला.

अकरा. दोन कोरी, एक दगडावर, दोन जाळात. उरली सहा.

संध्याकाळपर्यंत इच्छापुरचा हाड बसवणारा येऊन गेला. चुडामणचा पाय बांबूच्या कामट्यांत बांधला आणि त्याला घोंगडीवर निजवलं. पलीकडच्या घरात गिरधर दोन्ही हात फडक्यात गुंडाळून बसला. आशाबाई सहा अंडी पोटाशी धरून चुडामणच्या दारात उभी होती, डोक्यावर पदर ओढून. नऊ वर्षं ती या थोरल्या दिरासमोर बोलली नव्हती. तसा रिवाजच होता. तिनं एक अंडं पापणीला लावलं.

“जाऊबाई, थंड पडतायत,” ती म्हणाली.

सोजरबाई नवऱ्याच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. तिनं हात तसाच ठेवला. “यांचं अंग तव्यासारखं तापलंय,” ती म्हणाली.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मग फुईकडे.

फुई उठल्या. “एकवीस मीही म्हणाले, माझी चूक. पण मी फोडलं नाही. चुडामण, कुत्र्यानं मारलं तेव्हा कुत्र्याच्या मालकाला न्याय लावला. आता तू मारलंस.” त्यांनी गोधडीचं टोक उचललं. “बस आता.”

“मी काय खुडूक कोंबडी आहे?”

“ती होती,” सोजरबाई म्हणाली. “तुम्ही खाल्ली.”

तीन अंडी उजव्या काखेजवळ, तीन कमरेशी, खाली कापूस, वरून दोन गोधड्या. फुईनं रक्त लागलेलं हँडल, न पुसता, समोरच्या खुंटीला टांगलं. “एक जरी तुझ्या अंगाखाली फुटलं, तर हे कायमचं गिरधरचं. तू बादलीनं पाणी काढ, मोडक्या पायानं.”

ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं ऐकून कूसही बदलली नव्हती, तो सात दिवस हलला नाही. खोकला आला तर ओठ दाबून धरायचा. माशी नाकावर बसली तर तिला नुसत्या शिव्या द्यायचा. दिवसातून तीनदा गिरधर दारात येऊन उभा राहायचा, हात फडक्यात, एक डोळा अजून अर्धाच उघडा.

“उलटव.”

“उलटवली.”

“खूण खाली गेली का?”

“पाय बरा होऊ दे गिरध्या, तुझीच खूण खाली घालतो.”

“घाल. आधी कमरेजवळचं तिसरं फिरव, ते तसंच राहिलंय.”

चुडामण चाचपून ते फिरवायचा. मग दोघं एकमेकांना आईवरून शिव्या द्यायचे, आई एकच असल्याचं विसरून.

पंचविसाव्या दिवशी त्याचा ताप उतरला. घरात माणूस बरा झाल्याचं कुणालाच बरं वाटलं नाही. फुईनं आणखी एक गोधडी टाकली, मिठाच्या गरम पुरचुंड्या दोन्ही बाजूंना लावल्या, आणि चुडामण घामानं निथळत पडून राहिला. सोजरबाई अंडी बाहेर न्यायची, आशाबाई पापणीला लावून मान हलवायची.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी गिरधर दारात आला तर चुडामणनं तोंडावर बोट ठेवलं.

“आतून ठोकतंय,” तो पुटपुटला. “काखेतलं.”

“हात लावू नको.”

“कुठं लावतोय. नुसतं सांगतोय.”

“फोडायला मदत पण करू नको. तुझी मदत बघितलीय.”

शिवी परत द्यायच्या ऐवजी चुडामणनं गोधडीचं टोक काखेवर ओढलं. यादीत ही जागा पहिल्यांदाच रिकामी राहिली.

अठ्ठाविसाव्या दिवशी सहापैकी पाच तडकली, सहावं तसंच राहिलं. एक पिल्लू कवचातच गुदमरलं, एक बाहेर येऊन तासाभरात मान टाकून गेलं. तीन उरली. ती चुडामणच्या छातीवरच्या केसांत ओली पिसं घासत, ठेचकाळत चढली. एकानं त्याच्या फाटक्या कानाला चोच मारली. त्यानं दात खाल्ले, पण हात उचलला नाही.

फुईनं तिन्ही पिल्लं मोजली. मग खुंटीवरचं हँडल काढून गिरधरसमोर धरलं.

“मी मारते इंजिन,” आशाबाई म्हणाली. “तुमचे हात…”

गिरधरनं ऐकलं नाही. आठ दिवसांची तहानलेली केळी आणि फुईच्या हातातलं हँडल, यांच्यामध्ये त्याला बायकोसुद्धा नको होती. विहिरीवर त्यानं दातांनी फडकी सोडली आणि हँडल लावलं. पहिल्या फेऱ्याला तळहाताची नवी कातडी फाटली. दुसऱ्याला इंजिनानं उलटा झटका दिला आणि मनगट मुरगळलं. तिसऱ्याला त्यानं असा आवाज काढला की झाडावरचे बगळे उठले, आणि इंजिन धडधडायला लागलं. पाणी पाटात पडलं. तो पाटाच्या कडेला बसून हात पाण्यात धरून राहिला. लाल पाणी आधी त्याच्याच केळीला गेलं.

आशाबाई हँडल घेऊन घरांकडे परतली. ते टांगायला फुईनं दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत नवी खुंटी ठोकली होती. सोजरबाई ओलं फडकं घेऊन पुढं झाली. हँडलवर एका टोकाला काळपट वाळलेलं रक्त होतं, दुसऱ्या टोकाला अजून ओलं.

उघड्या दारातून चुडामण बघत होता. छातीवर तीन पिल्लं झोपलेली.

“राहू दे, पुसू नको,” तो म्हणाला. “त्यातलं अर्धं माझं आहे.”