न बघता छाटलेला शेवटचा आकडा

मी एक जुना चाकर आहे, कोणालाही न दिसणारा. मित्रांनो, संगणकावर ओळ लिहून तुम्ही एंटर दाबता ना, तेव्हा त्या ओळीच्या टोकाला येऊन उभा राहतो तो मी, न्यूलाइन. ओळ कुठे संपली हे मीच सांगतो. पण मला ना चेहरा ना आवाज, त्यामुळे माझ्याशी कोणीही कसंही वागतं.

अमेरिकेत, उत्तर मिनेसोटातल्या एका वीज सहकारी संस्थेत मी राबत होतो. ज्या घरांत आजाऱ्यासाठी प्राणवायूचं यंत्र चालतं, त्यांच्या मीटरचे नंबर एका फायलीत होते. तारा तुटल्या की दुरुस्तीची गाडी आधी त्या घरांकडे जायची. नंबर तपासणारा प्रोग्राम संस्थेतल्याच ड्वेन ओल्सनने सी या संगणकभाषेत लिहिला होता. तिथे फायलीतून ओळ वाचली की नंबरामागोमाग मीही आत येतो. मग नियंत्रण कक्षातल्या मार्लिसने टाइप केलेला नंबर आणि माझ्यासकट वाचलेला नंबर जुळायचे कसे? ड्वेन वैतागला. मला कचरा म्हणाला आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर सरसकट छाटून मोकळा झाला. नंबर जुळू लागले, ड्वेनची वाहवा झाली. मला काढल्याचं दुःख नाही हो, तिथे मी नकोच होतो. संताप याचा, की आपण कोणाला छाटतोय हे त्याने एकदाही पाहिलं नाही.

फेब्रुवारीत मार्लिसने ऑर्व्हिल नायगार्ड या आजाऱ्याच्या मीटरचा नंबर फायलीच्या अगदी शेवटी टाकला आणि एंटर न दाबताच फाइल जतन केली. म्हणजे त्या ओळीवर मी नव्हतोच.

पुढच्याच आठवड्यात बर्फाने तारा तुटल्या. सकाळी ऑर्व्हिलची बायको आर्डिस हिचा फोन आला. यंत्र बंद पडलं होतं आणि जवळचा सिलिंडर जेमतेम दुपारपर्यंत पुरणार होता. मार्लिसने नंबर टाइप केला. पडद्यावर आलं, असं घर नोंदलेलंच नाही. माझ्या जागी बिचारा शेवटचा आकडा कापला गेला होता.

"मशीन नाही म्हणतंय ना, मग नाही," ड्वेन म्हणाला.

"नंबर मी माझ्या हाताने टाकलाय," मार्लिस म्हणाली. "गाडी नायगार्डांकडेच जाईल. तू बस तुझ्या मशीनपाशी."

वीज आली तेव्हा सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. ऑर्व्हिलचे ओठ निळे पडले होते, पण तो वाचला.

आणि ड्वेन काय म्हणाला? मार्लिसने एंटर दाबला नाही म्हणून हे झालं! मी असलो तर कचरा, नसलो तरी दोष माझाच.

बर्फ वितळल्यावर आर्डिस कचेरीत आली. काय चुकलं ते तिने ड्वेनकडून नीट समजून घेतलं.

"म्हणजे छाटण्याआधी एकदा बघायचं होतं, एवढंच?"

"एवढंच, मिसेस नायगार्ड."

"मग बघितलं का नाहीस?"

त्याच दुपारी ड्वेनने प्रोग्राम सुधारला.

मित्रांनो, टोकाला मी असलो तर मला खुशाल काढा. पण आधी बघा. मी नसलो, तर तिथे एखादा ऑर्व्हिल श्वास घेत असतो.