गाठोड्यातलं चौऱ्याऐंशीवं गाणं

"पहिले नाव ले, मंग तोंड उघाड!"

आईचा हा दरडावणीचा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला, धानोऱ्याच्या एका हळदीत. मी ऐटीत गाणं सुरू केलं होतं, ते कोणी दिलं हे न सांगताच. आमच्याकडे तसं चालत नाही. गाणारणीला येणारी सगळी गाणी म्हणजे तिचं गाठोडं. पण नुसतं ऐकलेलं गाणं गाठोड्यात येत नाही. भर मांडवात, कुणी न सुचवता शेवटपर्यंत गाता आलं तरच ते आपलं. आणि आपलं झालं तरी गाण्याआधी देणारीचं नाव घ्यायचं: "हे पार्वतीबाईनं."

यंदा सुट्टीत मी आईचं, धनुबाईचं, गाठोडं वहीत उतरवलं. एकीकडे गाणं, समोर देणारीचं नाव. गाणी झाली चौऱ्याऐंशी, नावं त्र्याऐंशी.

"आई, 'हळद धुवाई जाई' कोनं?"

"पुढलं लिख."

"पुढलं काही नाही. संपलं गाठोडं."

"मंग च्या ठेव."

याच गाण्यासाठी विसरवाडीपासून लोक तिला न्यायला गाडी पाठवतात. आणि नेमकं याच्याच आधी ती खोकते, पदर सारखा करते, नाव घेत नाही. मी ती जागा कोरी ठेवली.

त्याच आठवड्यात खांडबाऱ्याहून बोलावणं आलं. तिथल्या दुकानवाल्या जडावबाई म्हणजे आईच्या माहेरच्या शेजारीण. त्यांच्या नातीची, जिनलची हळद होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऐंशीच्या पुढच्या जडावबाई ओसरीवर हळद कालवत होत्या. कालवता कालवता त्यांच्या मारवाडीत काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द मला कळले नाहीत, चाल कळली. तीच ती! मी आईकडे पाहिलं. ती वाटीतली हळद बघत होती.

मांडवात बायांनी गलका केला, "धनुमावशी, ते म्हणा!"

जडावबाईंनी पिवळ्या हातानं आईला जवळ ओढलं. "गा धनु. थारो गीत गा." तुझं गाणं गा, म्हणे! चेहऱ्यावर टोमण्याचं नाव नाही, नुसतं कौतुक.

आई खोकली. पदर सारखा केला. गायला लागली:

*हळद धुवाई जाई, चार दिनमा फिकी व्हई,*
*माय, तुन्हा हातना वास मन्हा अंगले ऱ्हाई...*

आणि थांबली. भर मांडवात आई थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. कुणीतरी पुढची ओळ सुचवू लागली, तिला आईनं हातानंच गप्प केलं. मग ती खाली बसली आणि जडावबाईंचे हळदीचे हात स्वतःच्या गालांना लावले.

"मी नाव लिन्हं नही, बाई. पापड लाटता लाटता तुम्ही दिन्हं व्हतं. शबद मन्हा, चाल तुमनी. पन्नास वरीस मी याच गानावर मान लिन्हा. आयका वं सगळ्या, हे जडावबाईनं शे."