एकाच ढिगाची लाकडं

निमिष पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन अंगणात शिरला, तेव्हाच शांतारामांच्या मनात पाल चुकचुकली. वाद घालायला येणारा माणूस गोड घेऊन कशाला येईल?

वाद खोटाच होता, पण त्यांच्या नातीचा, भार्गवीचा जीव त्यात अडकला होता. चंडीगढच्या तिच्या कॉलेजात सोमवारी मुलांची लुटुपुटीची जागतिक परिषद भरणार होती. हवेत साठलेल्या धुराला कोणता देश किती जबाबदार, यावर भांडायचं. भार्गवी भारताकडून, निमिष अमेरिकेकडून. जिंकणारा दिल्लीच्या फेरीला जाणार. गेल्या वर्षी भार्गवीची संधी थोडक्यात हुकली होती. नियम असा, की वादाआधी दोघांनी मिळून आकड्यांचा एकच तक्ता करायचा आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. सहीनंतर कुणी काही दडवल्याचं उघड झालं, तर दडवणारा बाद.

निमिष तक्ता घरूनच करून आला होता.

"आबा, पिन्नी घ्या ना. मेसच्या मागच्या हलवायाकडची आहे."

"राहू दे तिथंच," शांताराम म्हणाले आणि त्यांनी तक्ता उन्हात ओढला.

अक्षरं ते तिशीत शिकले, तेही पलटणीच्या शाळेत. त्याआधी आणि नंतरही ते लंगरातले, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यातले, स्वयंपाकी. आता मुलगा हवाईदलात, त्याच्या बदलीबरोबर ते चंडीगढला आलेले. अजूनही ते ओळीखाली बोट धरून वाचत. हळू वाचणाऱ्याच्या नजरेतून फार थोडं सुटतं.

बोट पहिल्याच ओळीवर थांबलं. "एकोणीसशे नव्वदपासून. का रे? त्याआधी चुली पेटत नव्हत्या?"

"जुने आकडे तितके पक्के नाहीत, आबा."

"बर्फातल्या एका ठाण्यावर आम्ही दोन कंपन्या होतो," शांताराम म्हणाले. "हिवाळाभराच्या लाकडांचा ढीग एकच. दुसरी कंपनी आमच्याआधी दोन महिने पोचली. रोज गरम पाण्यानं अंघोळी. आम्ही पोचलो तेव्हा ढीग कमरेएवढा उरलेला. त्यांचा सुभेदार म्हणतो, झालं गेलं सोडा, आजपासून दोन्ही कंपन्यांत सारखं वाटू. तो तर पन्नास माणसांचा धनी, आम्ही दीडशे."

भार्गवी हसली. "म्हणजे साल मागे न्यायचं आणि माणशी हिशोबही लावायचा. बोल, निमिष."

"ठीक आहे यार. अठराशे पन्नासपासून घेऊ. माणशीचा रकानाही घालतो."

इतक्या लवकर? शांतारामांनी डोळे बारीक केले. त्यांनी आणखी एक खडा टाकून पाहिला. "आणि चूल आमची, पण जेवून गेले दुसरे, तर त्याचा धूर कुणाच्या नावावर?"

"जेवणाऱ्याच्या. परदेशी जाणाऱ्या मालाचा रकाना वेगळा करतो." निमिषनं लॅपटॉपवर तोही टाईप केला, वर हसला. मग पेन काढून भार्गवीपुढे धरलं. "आता छापू आणि कर सही."

भार्गवीचा चेहरा फुलला होता. तक्ता आता भारताच्या बाजूनं असा उभा राहिला होता, की तिला तो नुसता वाचून दाखवायचा होता.

"थांब," शांताराम म्हणाले. "निमिषराव, सुभेदारानं तेव्हा चार दिवस भांडण लांबवलं होतं. तुम्ही चार मिनिटांत सगळं दिलंत. जिंकायचं नाही का तुम्हाला?"

"पक्का जिंकायचं आहे."

"मग कशाच्या जोरावर?"

निमिषची नजर क्षणभर भार्गवीच्या वहीवर गेली, आणि म्हाताऱ्यानं ती पकडली.

"वही दे, बाळ."

"आबा, त्यात काही नाही."

"काही नाही तर दे."

वहीत मधलं पान दुमडून टाचलेलं होतं. शांतारामांनी टाचणी काढली, बोट ठेवलं. भार्गवीच्याच अक्षरात लिहिलं होतं: देशातली वरची दहा टक्के माणसं आणि खालची अर्धी, दोघांचा माणशी धूर वेगवेगळा. दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर.

"हे तक्त्यात का नाही?"

"वाद देशा-देशांचा आहे, आबा. घरातलं त्यांना कशाला सांगायचं?" तिचा आवाज खाली गेला. "आपला माणशी आकडा कमी दिसतो तो ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांच्यामुळे. आपल्याकडे दोन एसी, दोन गाड्या. हे घातलं तर निमिष तेच धरून बसेल."

"ग्रंथालयात माझ्यासमोरच लिहिलंस ते," निमिष म्हणाला. "सही झाल्यावर मी भर सभेत वही मागणार होतो. खोटं कशाला बोलू."

शांताराम पहिल्यापासून ज्याच्यावर पाळत ठेवून होते, त्यानं सापळा लावला होता हे खरंच. पण आत जायची वाट त्यांच्याच घरातून होती.

त्या हिवाळ्यातल्या सुभेदाराच्या अंघोळींचं त्यांनी शंभर जणांना सांगितलं होतं. लंगरात आपल्या पाठीशी रात्रंदिवस एक शेगडी धगधगायची आणि आपले जवान तंबूत कुडकुडायचे, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझ्या लंगरात एक जादा शेगडी होती," ते म्हणाले. "फक्त माझ्यासाठी. सुभेदाराला कळलं असतं, तर आमच्या दीडशे जणांचं खरं बोलणंही कुणी ऐकलं नसतं."

भार्गवीनं टाचणी बाजूला ठेवली. मग लॅपटॉप ओढून तिनं तळाशी ती ओळ घातली. "आता अमेरिकेतलीही वरची दहा टक्के घाल," ती निमिषला म्हणाली. "तुझ्या घरातलंही दिसू दे."

निमिषचं हसू पहिल्यांदाच मावळलं. त्याला तो आकडा शोधायला अर्धा तास लागला. छापलेल्या कागदावर सही करताना भार्गवी पुटपुटली, "गेली बहुतेक माझी दिल्ली."

शांतारामांनी दोन्ही सह्या बोट धरून वाचल्या. मग डब्यातली एक पिन्नी उचलली, मधोमध मोडली, आत डोकावून पाहिलं, आणि अर्धी आधी निमिषच्या हातावर ठेवली.