आबांना स्वप्नात गाठायचं होतं

आबा वारल्यावर मी स्वप्नं बघायला शिकलो. हसू नका. १९९९ साली एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत आलं होतं, की स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे ओळखता येतं आणि मग त्यात आपल्याला हवं ते करता येतं. युक्ती सोपी. दिवसातून दहा-वीस वेळा नाक दाबायचं आणि श्वास घेऊन बघायचा. सवय अंगवळणी पडली की स्वप्नातही हात नाकाकडं जातो. तिथं मात्र दाबलेल्या नाकातूनही श्वास येतो, म्हणे.

मी यवतला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होतो. माझं आडनाव मराठ्यांतही असतं आणि आम्हा बौद्धांतही. पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणाले, "म्हंजी आपल्यातलेच की!" मी नुसता हसलो, आणि त्या हसण्यावर चार वर्षं काढली.

त्या फेब्रुवारीत आबा वरवंडहून एसटीनं आले, काखेत हरभऱ्याचा डहाळा. काचेचं दार ढकलून खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम, रवी!" ते गावच्या पाटलालाही जय भीमच घालायचे. मॅनेजर माझ्या शेजारीच उभे होते.

"नमस्कार काका, बसा," मी म्हणालो.

सख्ख्या बापाला काका! आबा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय साहेब." बसले, चहा प्यायले आणि गेले. पुन्हा कधी शोरूमवर आले नाहीत. मी गावी जायचो, पण तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. जूनमध्ये आबा गेले. फोटोला हार घालतानाही माझी मान वर होईना. एकदा, स्वप्नात का होईना, सगळ्यांदेखत त्यांना 'जय भीम, आबा' म्हणायचं होतं.

म्हणून नाक दाबत सुटलो. शोरूममध्ये एक बागाईतदार तर मला बघून स्वतःचाच सदरा हुंगायला लागला. माया, माझी बायको, म्हणायची, "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हंत्यात. तुमच्या पोटात काय दडलंय?"

दीड महिन्यानं, रविवारी दुपारी जेवून आडवा झालो आणि साधलं. शोरूम होतं. नाक दाबलं, श्वास आला. मला कळलं, हे सगळं माझंच आहे. ट्रॅक्टर माझे, मॅनेजर माझा. इथं माझी नोकरी कोणी घेणार नव्हतं.

दार उघडून आबा आले. "जय भीम, रवी!"

आणि मी आधी मॅनेजरकडं बघितलं.

"बसा काका," मी म्हणालो.

जागा झालो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जागेपणी भीती तरी होती. स्वप्नात कोणाची भीती होती? मायाला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "आबा मला म्हणले हुते, सूनबाई, रवीच्या शोरूमवर कवा गेलीस तर जय भीम नको घालूस. रामराम म्हण."